माझ्या डब्यातल्या ह्यांच्या गोळ्या

“दोष तुमच्यात नाही,” खांदा कॉलनीतले डॉक्टर मला म्हणाले, तेव्हा आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. मला आनंद व्हायला हवा होता. संताप आला.

त्या सहा वर्षांत माझ्या गर्भनळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढले, पोटाला भोकं पाडून दुर्बिणीने आत पाहिलं, इंजेक्शनं तर किती झाली. ह्यांची तपासणी म्हणजे एका डबीत वीर्य द्यायचं. तेवढ्यासाठी ह्यांना तळोज्याच्या कारखान्यातून सुट्टी मिळत नव्हती.

शेवटी एकदाची ती झाली आणि ह्यांना व्हेरिकोसील निघालं. म्हणजे अंडकोषाजवळच्या शिरा फुगतात, रक्त साचून उष्णता वाढते आणि शुक्रजंतू खराब होतात. ऑपरेशन ठरलं. त्याआधी तीन महिने आणि नंतर तीन महिने अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, शुक्रजंतूंची झीज रोखायला. “फायदा होईलच असं नाही,” डॉक्टर म्हणाले. “नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने जातात. थांबावं लागेल.” थांबायचं मला शिकवत होते.

घरी आल्यावर ह्यांनी गोळ्या माझ्या औषधांच्या डब्यात टाकल्या. आईला कळायला नको, एवढंच म्हणाले. मीही गप्प बसले, ही माझी चूक. आमच्या सुकापुरात तेव्हा विमानतळाच्या नावाने इमारती उठत होत्या, माणसं मात्र जुनीच होती. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, “अजून औषधा चालूच हायेत तिची. काय उपेग नाय.”

ऑपरेशनला सगळ्यांना हर्निया सांगितला. दवाखान्यात जेवण घेऊन आलेल्या जावेने मलाच विचारलं, भावजींना एवढं जड उचलायला का लावतेस? हे खाटेवर डोळे मिटून पडले होते. झोपलेले नव्हते.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी ह्यांचा रिपोर्ट सुधारला. आठव्या महिन्यात मला दिवस गेले. गोळ्यांनी की ऑपरेशनने, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

सातवा लागला तेव्हा सासूबाई शेजारच्या सुनेला घेऊन आल्या. “हिला तुज्या गोल्यांचा नाव सांग. तुला गुन आला ना.” पोरीच्या हातात तिच्या तपासण्यांची फाइल होती, माझ्यासारखीच जाडजूड. हे कामावर निघाले होते.

“आधी नवऱ्याची तपासणी करून घे,” मी तिला म्हटलं. “त्या गोळ्या मी खाल्ल्याच नाहीत. ह्यांनी खाल्ल्या. ऑपरेशनही हर्नियाचं नव्हतं.”

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. “खरा हाय काय रं?”

“हाय.”

डॉक्टरांची मी जन्मभर ऋणी आहे. ह्यांचे आभार मानायला मात्र अजून तोंड उघडत नाही. एका शब्दाचं काम होतं, त्याला लग्नाची साडेसात वर्षं लागली.