नको म्हणणारा जावई

माझे लाड कुणी करावेत, असं मला कधीच वाटलं नाही. (हेच मी सासूबाईंना फोनवर बोललो आणि माती खाल्ली.)

अधिक महिना होता. या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, हा रिवाज. डहाणूच्या आमच्या ऑफिसातल्या राऊतला वेवजी गावच्या सासरवाडीने तेहतीस अनारसे आणि वर चांदीचं निरांजन दिलं! गड्याने चार दिवस त्याचंच स्टेटस ठेवलं. मी "छान" म्हणालो आणि आतून जळून खाक झालो.

मग कैनाडहून माझ्या सासूबाईंचा फोन आला. "रविवारी येताय ना? अनारसे करत्ये."

आता जावयाने दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा नाइलाजाने हो म्हणायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं! मी म्हणालो, "छे छे आई, माझे कसले लाड करता! मला घरचाच समजा."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. पहिल्याच नकाराला! सासूबाई शाळेत बाई होत्या. एकदा उत्तर दिलं की खाडाखोड चालत नसे.

तरी रविवारी मी उपाशीपोटी, नवा झब्बा घालून निघालो.

"ही रिकामी पिशवी कशाला?" बायकोने, स्मिताने विचारलं.

"असू दे. लागते."

वाडीत पाऊल टाकतो तोच सासूबाईंनी टोकाला जाळी लावलेली लांब काठी माझ्या हातात दिली. "बरं झालं आलात. आज गडी नाही. तेवढे चिकू उतरवा."

दोन तास चिकू! झब्ब्यावर चीक, मानेत कळ. मग जेवायला भाकरी आणि वालाचं बिरडं. पान वाढल्यापासून मी आशेने स्वयंपाकघराकडे पाहत होतो. शेवटी लाज सोडली.

"आई, ते अनारसे..."

"केले होते ना! तुम्ही नको म्हणालात, म्हणून देवळात दिले."

"तेहतीसच्या तेहतीस?"

"एकही बिघडला नाही हो! काय जाळी पडली होती!"

"अहो, पण जावयाचे थोडे लाड करायचे असतात!" मी ओरडलोच.

"लाड म्हणजे न मागता देणं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "नको म्हणणाऱ्याला देणं म्हणजे जबरदस्ती. हवे होते तर तसं बोलायचं! आता पुढच्या अधिकात."

म्हणजे तीन वर्षांनी! स्मिता पदरात तोंड लपवून हसत होती. सख्खी बायको! पिशवी भरली खरी, पण चिकूंनी, आणि तेही मीच उतरवलेल्या.

सोमवारी राऊतने डबा उघडला. "शेवटचा अनारसा राहिलाय. तुमच्यासाठीच ठेवला. घेता?"

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आणि त्याच तोंडाने मी म्हणालो, "छे छे, मला कशाला!"

"बरं," म्हणाला, आणि माझ्यादेखत खाऊन टाकला.