नानांची पावलं आणि गाडलेलं गाव

आमचे साडू म्हणजे पाणीखात्यातले मुकादम. सगळे त्यांना नाना म्हणतात. शहराबाहेरच्या माळावर नळ पुरण्यासाठी चर खणायचे, यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. त्या माळाखाली सहाशे वर्षांपूर्वीचं एक गाव झोपलंय. नदीनं कूस बदलली, विहिरी आटल्या, आणि माणसं चंबूगबाळं आवरून पलीकडं गेली. तिथंच पुढं आजचं शहर फुगलं. मागं राहिलेल्या गावाचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही.

पण नानांना त्याच्या भिंती ठाऊक! चर खणताना पहार विटेवर आपटली की ते हात वर करायचे, काम थांबवायचे आणि वहीत लिहायचे, 'पंपघरापासून मावळतीकडं दोनशे दहा पावलं, पक्की भिंत.' मोजपट्टी खात्याची, ती कपाटात कुलपात. पावलं मात्र स्वतःची!

निवृत्तीला महिना उरला आणि खात्यानं त्याच माळावर मोठी टाकी बांधायचं ठरवलं. पाया वीस फूट खोल. नानांचं जेवणच तुटलं. "साडूभाऊ," मला म्हणाले, "एवढी वर्षं मी गावाला चुकवून नळ टाकले. आता माझंच खातं त्याच्या छातीवर बसणार."

मी म्हटलं, "वही दाखवा की साहेबांना."

दाखवली. पुराणवस्तू खात्यातल्या एका बाई आल्या, त्यांनी वहीतली प्रत्येक भिंत चौकटीच्या कागदावर मांडली. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "नाना, हे गाव आहे की मांजरानं खेळलेली लोकर?" खरंच, एक भिंत दुसरीला धड मिळेना. बाई हळूच म्हणाल्या, "गावाची नुसती शंका असून चालत नाही. सोमवारी पाया खणायला घेणार आहेत. त्याआधी एक तरी नेमकी जागा दाखवा."

रविवारी सकाळी आम्ही माळावर गेलो. पुढं नाना, मागं माझी मेव्हणी, आणि तिच्या मागं मी, धापा टाकत. पाठीमागून नानांकडं बघता बघता मेव्हणी एकदम थांबली.

"अहो, तुमचा पाय मोडला त्या आधीची पानं कुठली आणि नंतरची कुठली?"

"आता पायाचं काय मध्येच?"

"चरात पडल्यापासून तुम्ही चिमणीसारखे चालता. मला बाजारात तुमच्यासाठी थांबावं लागतं. आधी मी धावायची तुमच्यामागं! भावजी, तुम्हीच सांगा."

मी कशाला सांगतोय? मी हसून घेतलं. नाना मात्र वही उघडून मटकन दगडावर बसले. पहिल्याच पानावर होतं, 'पंपघर ते मैलाचा दगड, शंभर पावलं.' ते उठले आणि तेच अंतर चालू लागले. मी मोठ्यानं मोजत होतो. दगडाला हात लावला तेव्हा एकशे पंचवीस!

बाईंना फोन गेला. त्या तशाच आल्या, पंपघरातल्या बाकावर कागद पसरून त्यांनी पाय मोडल्यानंतरच्या सगळ्या नोंदींचा पाचवा हिस्सा कापला. विस्कटलेल्या भिंती एकेक करून रांगेला लागल्या. मध्ये सरळसोट रस्ता निघाला, आणि दोन्हीकडच्या जाड भिंती त्याच्या टोकाशी येऊन थांबल्या.

"इथं वेस असणार," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्या जागेवर पेन्सिलीनं गोल केला.

सोमवारी टाकीवाल्यांच्या आधी आम्ही हजर. साहेबांनी दुपारपर्यंत मुदत दिली. नानांनी पहार कुणाच्या हातात दिली नाही. कमरेएवढं खाली गेल्यावर दगडी उंबरा लागला. दोन्ही टोकांना दाराचे खुंट फिरून फिरून झिजलेल्या गुळगुळीत खळग्या, आणि मध्ये गाड्यांच्या चाकोऱ्या. साहेब खड्ड्यात उतरले, त्यांनी चाकोरीत बोट फिरवलं. मग वर बघून ओरडले, "टाकी टेकडीपलीकडं घ्या रे!"

नाना आता निवृत्त आहेत, पण बाईंनी त्यांना सोडलं नाही. अकरा घरं उघडी झाली. मोजपट्टीचं एक टोक नानांकडं, दुसरं मेव्हणीकडं. परवा गेलो तर ती त्यांना झापत होती, "अहो, मागं सरका! कुणाच्यातरी चुलीत उभे आहात."

नाना चटकन बाजूला झाले आणि मोकळ्या खड्ड्याकडं बघून म्हणाले, "माफ करा हं, वहिनी."