एक मिस म्हणजे ठीक

मी काही लिहावं, हे माझं मलाच पटत नाही. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मी बीडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अजून माझं शुद्धलेखन चुकतं. तरी एका इंग्रजी क्रियापदाबद्दल लिहायला बसलोय. जाणकारांनी माफ करावं. या शब्दाचे अर्थ मला जरा उशिरा समजले, एवढंच सांगायचं आहे.

आमचं गाव नांदूरघाटाजवळ. आमची मेंढरं आहेत. दिवाळी झाली की आबा, आई आणि चुलते बापू मेंढरं घेऊन धर्मापुरीकडे उतरतात. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. आज एकाचं रान, परवा दुसऱ्याचं. आबांकडे बटणांचा फोन होता. तो चार्ज करायचा तर कुणाच्या तरी वस्तीवर ठेवावा लागे, म्हणून आबा बॅटरी फार जपायचे. मी कॉलेजला निघालो तेव्हा त्यांनी कायदा घालून दिला होता.

"एक मिस म्हंजे सगळं ठीक हाय. दोन मिस आले की तू लाव. एकाला उचलायचं न्हाई, बॅटरी खाती."

रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास एकदा फोन वाजायचा आणि बंद व्हायचा. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळं, लावून झालं की आबा रेंज मिळेल अशा उंचवट्यावर जाऊन मिस द्यायचे. मी नाव बघायचो आणि फोन खिशात टाकायचो. झालं आमचं बोलणं.

पहिल्या वर्षी इंग्रजीच्या मॅडमनी फळ्यावर 'मिस' लिहिलं आणि म्हणाल्या, वाक्यात उपयोग करा. मी कधी हात वर करत नाही. पण हा शब्द तर आमच्या घरातला. उठलो आणि म्हणालो, "माय फादर मिसेस मी डेली ॲट फाइव्ह ओ'क्लॉक."

वर्ग फुटला. मागून आवाज आला, "पाचचा अलार्म लावलाय का बे तुझ्या बापानं?"

मला कळेना, हसण्यासारखं काय आहे. मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं. "वाक्य अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि एकेक अर्थ सांगत गेल्या. दगड मारला आणि लागला नाही, तर मिस. धावत गेलो आणि एसटी निघून गेली, तरी मिस. तासाला आलो नाही, मिस. समोर असून ध्यानात आलं नाही, तेही मिस. आणि एखादं माणूस जवळ नाही म्हणून जीवाला हुरहुर लागते, त्यालाही हेच क्रियापद. मी वहीत सगळे अर्थ उतरवले. शेवटच्याखाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या दिवाळीत आबा अजून गावातच होते. बाजाराच्या दिवशी आम्ही चहाला बसलो, तेव्हा मी धीर करून त्यांना सांगितलं, "आबा, मिस म्हणजे नुसता फोन नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ आठवण येणं असापण होतो."

आबांनी बशीतला चहा संपवला. मिशी पुसली.

"मग इतके दिस मी काय देत होतो तुला?"

त्यांनीच माझी सुटका केली. चहावाल्याकडे वळून म्हणाले, "कॉलेजात घातलंय पोराला. बापाचंच बापाला शिकवतंय." दोघंही हसले. मीही हसलो. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, की आबा, मलापण येते. ते राहिलं. पुढच्या खेपेला म्हणू, असं वाटलं.

यंदा फेब्रुवारीत माझा फोन हरवला. दुसरा जुना फोन घेतला, नवं सिम घातलं. पाचला आबांना मिस दिला, मग त्यांनी लगेच दोन दिले, म्हणजे लाव. मी लावला. "ह्यो नंबर तुजा का? बरं. जेवतो का येळेवर?" एवढंच. तो नंबर इतरांनाही कळवायला हवा होता. परीक्षा तोंडावर होती, मी कळवला नाही.

मार्चमधला मंगळवार होता. पेपर दोनचा. एक वाजता मी कॉलेजच्या फाटकात होतो, तेव्हा फोन वाजला. एकदाच. आबांचं नाव होतं. आज आबांनी लवकर मिस दिला, असं मनात आलं. वेळ चुकली आहे हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, मी ते नाकारत नाही. पण एकदाच वाजला होता. एक म्हणजे ठीक. मी फोन बंद करून पेपरला गेलो.

संध्याकाळी पाचला फोन वाजला नाही. दुपारी झालाय की, म्हणून मी वाटही पाहिली नाही. बुधवारीही वाजला नाही. बॅटरी गेली असेल म्हणालो आणि पुढच्या पेपरची वही उघडली.

बुधवारीच दिवेलागणीला माझा चुलतभाऊ होस्टेलच्या दारात उभा राहिला. पायात मेंढरांमागच्या जाड वहाणा, डोक्याला काही नाही. तो कधी बीडला आलेला नव्हता. कॉलेज विचारत विचारत आला होता. मी म्हणालो, "तू कावून आलास? आबा ठीक आहेत ना? काल दुपारी मिस आला होता त्यांचा."

तो पायरीवर बसला. माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"मिस न्हवता त्यो. आबाच्या छातीत कळ आली. बापूनं तुला फोन लावलता आबाच्याच फोनावरनं. एकदा वाजला अन् रेंज गेली. फोन बघून तू लावशील म्हणून तुजी आई त्यो हातात धरून बसली. दवाखान्याला नेतानाबी तिच्या हातातच होता. मग बॅटरी गेली, त्यो परत चालूच झाला न्हाई. तुजा नवा नंबर कुणाकडंच न्हाई."

"आणि आबा?"

"वाटंतच गेले. आज सकाळी माती झाली. धा वाजंपतूर थांबवलं व्हतं, तुज्यासाठी."