लाखेच्या पाच तबकड्या आणि एक ढोलकी

गोंदियाला मोठी गाडी सोडून चांदाफोर्टच्या छोट्या गाडीत बसलो, तेव्हा ग्रामोफोन बाकाखाली होता आणि रेकॉर्डींची पेटी मांडीवर. पेटीत शंभर वर्षांपूर्वीच्या एका जर्मन संगीतकाराची सिंफनी होती. म्हणजे पाऊणशे वादकांनी मिळून वाजवायची, शब्दांशिवायची लांबलचक रचना. एका बाजूवर चारेक मिनिटंच मावतात, म्हणून पाच तबकड्यांवर तोडून घेतलेली. तबकड्या लाखेच्या, पडली की फुटली.

मी सातवीतून शाळा सोडलेला मालवणचा पोरगा. नागपुरात ग्रामोफोन दुरुस्त करणाऱ्या मालकांनी ठेवून घेतलं, पोटाला घातलं. निघताना ते म्हणाले, "नवेगाव बांधला निवृत्त नर्सबाई राहतात. हे त्यांच्या भावाचं सामान. मुंबईच्या वाद्यवृंदात तो हीच सिंफनी व्हायोलिनवर वाजवायचा. आता तो नाही. जपून ने." तेव्हापासून मी पेटी हातातून सोडली नव्हती.

समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "बाबू, अंडे हायेत का पेटीत?"

"नाही, गाणी आहेत."

"मंग उबवून कायले (कशाला) राहिला?" डबाभर हसला.

बाहेर धानाची कापणी उरकलेली, पलीकडे मोहाची झाडं, बांबूचं रान. आडस्टेशनवर उतरलो तर बाईंनी पाठवलेला सुखदेव रेंगी (हलकी बैलगाडी) घेऊन उभा. मंडईचे (दिवाळीनंतरच्या जत्रांचे) दिवस; तो गावच्या दंडारीत (रात्रभरच्या लोकनाट्यात) ढोलकी वाजवायचा. "सोंग बदलाले गेले तरी ढोलकी थांबवाची नाई," तो सांगत होता. "थांबली का मानसं उठतेत."

पुढे वाट फारच खराब. हिसके नकोत म्हणून मी पेटी घेऊन धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) चालू लागलो आणि घसरून आपटलो. उघडून पाहिलं. तिसरी तबकडी दुभंगली होती.

"बाकीच्या हायेत नं," सुखदेव म्हणाला. "रडून कायले राहिला? बाई काही मारकी नाई."

बाईंचं घर तळ्याच्या काठी. पाय धुण्याआधीच मी सांगून टाकलं. त्यांनी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. मग माझं खरचटलेलं कोपर धुतलं आणि भात वाढला. तळ्यातल्या माशांचा रस्सा, जवसाची पूड घातलेला. आपल्या कोकमाची सर नाही, पण मी दोनदा मागून घेतला.

"लाव आता," त्या म्हणाल्या.

अंगणात शेजारपाजार जमला. पहिली बाजू वाजली आणि संपली. मी तबकडी उलटायला वाकलो तर कुणी म्हणालं, "झाला?" दोघं उठलेसुद्धा. तेवढ्यात सुखदेवने ढोलकी ओढली आणि बोटांनी हलकेच ठेका धरून ठेवला. मी घाबरलो. बाईंच्या भावाच्या सिंफनीत ढोलकी! पण बाई म्हणाल्या, "वाजव बाबा, वाजव." उठलेले बसले.

दुसरी तबकडी संपली. आता तिसरी हवी होती, आणि ती फुटलेली. सुखदेव वाजवत राहिला, माझ्याकडे पाहत, आता काय म्हणून. तेव्हा बाई डोळे मिटून गुणगुणायला लागल्या. मधेच थांबायच्या, मनात काही मोजायच्या, पुन्हा सुरू. सुखदेवने हात हळू केला. अंगणात कुणी हललं नाही. बराच वेळ चाललं ते. मग त्यांनी मला चौथी लावायची खूण केली.

नंतर त्या म्हणाल्या, "घरी तो एवढंच वाजवायचा, स्वतःच्या वाट्याचं; दुसऱ्यांची पाळी आली की थांबून मोजायचा. बाकीचे वादक सगळे मुंबईला असायचे. तबकडी धड असती तर त्यांच्या गर्दीत हा मला सापडला नसता."

दुसऱ्या दिवशी निघालो. ग्रामोफोन, तबकड्या आणि तुकडेही त्यांनी ठेवून घेतले. रिकाम्या पेटीत जवस बांधून दिलं, मालकांसाठी. मालकांना खरं सांगणारच होतो, भीतीही होती, पण कालच्याइतकी नाही. तुम्हाला तिकडे मालवणात सिंफनी कशी असते ते सांगायचं तर मला एकच तुकडा नीट आठवतो, आणि तो तबकडीवर नव्हताच.

गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, "पेटीत का हाय?"

"जवस."

"मंग मांडीवर कायले धरून राहिला?"

मी पेटी खाली ठेवली नाही.