रोझामावशीने ओट्यावर सांगितलेला बिशप

माझ्या आईला रडायला लावणारी बाई आज सकाळी गेली.

रोझामावशी. आईची धाकटी बहीण. अलिबाग-मुरुडच्या वाटेवरच्या आमच्या गावात मिशनच्या शाळेत टीचर.

साठच्या दशकाची सुरुवात होती. बाबांची होडी समुद्रातून परत आली नाही.

जो तो आईला सांगे, "देवाची मर्जी. रडलीस तर विश्वास कमी पडला असं होईल."

आई रडली नाही. बोलणंही बंद केलं. पेजेला तोंड लावेना.

मावशी त्याआधी मुंबईला टीचरच्या ट्रेनिंगला होती, तेव्हा लायब्ररीत तिला सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती आचार्यांची पुस्तकं सापडली होती. इंग्रजीत. त्यातलं एक तिथल्या सिस्टरनी तिला देऊनच टाकलं.

ते घेऊन ती आईजवळ बसली आणि मराठीत सांगू लागली.
सोळाशे वर्षांपूर्वीचा आफ्रिकेतला एक बिशप. त्याची आई गेली. लोकांसमोर त्याने डोळे कोरडे ठेवले. मग एकटा असताना रडला.

किती दिवसांनी आईचा आवाज ऐकला.
"बिशप रडला?"
"रडला."
"मंग कोन बोललं न्हाय त्याला?"
"त्यानेच लिहून ठेवलंय, ताई. लपवलं नाही."

आईने पदर तोंडाला लावला. तिचं रडणं पार चार घरं पलीकडे ऐकू गेलं.

मग रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर बायका जमायला लागल्या. मावशी एकेक आचार्य सांगायची. कुणी श्रीमंतांना झापणारा, कुणी वाळवंटात जाऊन राहिलेला.

फादरना हे पटलं नाही.
"ही थिऑलॉजी आहे, टीचर. काही चुकीचं सांगितलंत तर? नोकरी सांभाळा."

मावशीने सांगणं थांबवलं. ओटा रिकामा.

तेव्हा आई स्वतः फादरकडे गेली. मी तिचं बोट धरून होते.
"फादर, तुमची प्रार्थनेतली लॅटिन आमाला कलत न्हाय. रोझाचं कलतं. चुकली तर तुमी येऊन सांगा ना."

पुढच्या रविवारी फादर खरंच आले. खुर्ची नको म्हणाले, बायकांमध्येच बसले. मावशीला एकदा थांबवलं, वाद झाला, आणि पुस्तक उघडल्यावर फादरच हसले.

गेल्या वर्षी मी विचारलं, "मावशी, एवढं मराठीत सांगितलंस, छापलं का नाहीस?"

म्हणाली, "सुचलंच नाही गं. मी भलताच विचार करायचे. इतकी शतकं कुणी ना कुणी हे हाताने उतरवून ठेवलं. त्यांना कुठे ठाऊक होतं, आपण हे तुझ्या आईसाठी लिहितोय."

मावशी, ये आता.
तुझ्या शाळेतल्या, ओट्यावरच्या सगळ्या पोरांचा तुला शेवटचा, मनापासून नमस्कार.