मुस्यू आणि कुकारा

कोणत्याही खोलीत शिरण्याआधी मुस्यू दारात थांबायचे आणि एकदा टाळी वाजवायचे. फार जोरात नाही, झाडावरचा कावळा उडवावा इतपत. मग मान कलती करून ऐकत उभे राहायचे. समाधान झालं की मगच चपला काढून आत यायचे. आखातातल्या अल खोर गावच्या आमच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. माझी मुलगी झोया फिस्सकन हसली. मी विचारलं, "मुस्यू, हे काय?"

"खोली रिकामी आहे की नाही, हे डोळ्यांवर सोपवू नये," ते म्हणाले.

"पण रिकामी नाहीच आहे. आम्ही सगळे इथं बसलोय."

"तुम्ही दिसता आहात. मी बाकीच्यांबद्दल बोलतोय."

ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मुस्यू म्हणजे फ्रेंचमध्ये नुसतं 'साहेब', पण आमच्या इमारतीत तेच त्यांचं नाव होऊन बसलं होतं. उंच, वाळकं शरीर, पांढरे केस मानेपर्यंत आलेले. एके काळी ते फ्रान्समध्ये ऑपेरा रचणारे नावाजलेले संगीतकार होते, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखं का, असं मी त्यांना विचारलं होतं. "तुमच्यात मधे बोलतात का?" त्यांनी उलट विचारलं. मी हो म्हटलं. "आमच्यात बोलत नाहीत. मरणारा माणूससुद्धा गातो. आणि बराच वेळ गातो."

माझी नोकरी मदिनत अश शमालच्या एका दवाखान्यात, लॅबमध्ये. रोज अल खोरहून गाडी चालवत उत्तरेला जायचं. मुस्यूंना गाडी चालवता येत नसे. एके दिवशी त्यांनी विचारलं, शमालच्या पुढं किनाऱ्यावर एक ओस पडलेलं कोळ्यांचं गाव आहे, तिथं मला सोडाल का? तेव्हापासून हिवाळाभर आठवड्यातून एकदोनदा ते माझ्या शेजारी बसलेले असायचे. सकाळी सोडायचं, ड्यूटी संपली की घेऊन यायचं. त्या सरळसोट रस्त्यावर, दोन्ही बाजूंना नुसतं करडं माळरान असताना, त्यांनी मला आपलं आयुष्य इंग्रजीत, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

त्यांचा जन्म एका लहानशा फ्रेंच बंदरातला. आई मासळीबाजारात बसायची. चर्चमधला ऑर्गन वाजवता वाजवता पाद्र्याच्या शिफारशीनं पोरगा पॅरिसला पोचला. पहिला ऑपेरा लागला तेव्हा तिशीही उलटली नव्हती. एका रात्रीत नाव झालं. त्यात मुख्य भूमिका गाणारी एलेन, तिच्याशी लग्न केलं. पुढचा ऑपेरा तिच्यासाठीच लिहिला. "त्यात एका ठिकाणी मी एक सूर लिहिला," मुस्यू समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले. "फार उंच. ती म्हणाली, जरा खाली आण. मी म्हणालो, तुला जमेल." जमला, काही दिवस जमला. मग एका प्रयोगात त्याच सुरावर तिचा आवाज फाटला, तो पुन्हा आलाच नाही. पुढं मरेपर्यंत ती कुजबुजत बोलायची. मुस्यू म्हणाले, "माझ्यावर ती कधी रागावली नाही. रागवायला आवाज लागतो."

त्यानंतर त्यांनी ऑपेराला हात लावला नाही. साबणाच्या, चीजच्या जाहिरातींना चाली दिल्या. मुलांना शिकवलं. म्हातारपणी अचानक दोह्याहून बोलावणं आलं: मोती काढायला समुद्रात बुड्या मारणाऱ्यांवर एक ऑपेरा हवा होता. ते आले, कामाला लागले, आणि मधेच बोलावणाऱ्यांचा विचार बदलला. त्यावर ते हसून म्हणायचे, "मला इथं आल्यावर पहिला अरबी शब्द कळला यल्ला, म्हणजे चला; दुसरा खलास. मधलं सगळं मी इथं राहून शिकतोय." ऑपेरा कोणालाच नको होता, पण तो त्यांना सोडत नव्हता. पियानोच्या शिकवण्या करून ते इथंच राहिले.

त्या ओस गावात मी आधी कधी उतरले नव्हते. लोक पन्नासेक वर्षांपूर्वी शहराकडे निघून गेले, घरं राहिली. समुद्री दगडांच्या भिंती, छपरं कधीच गेलेली, एका मशिदीचा बुटका मिनार, आणि पलीकडं घोट्याएवढ्या पाण्याचा उथळ समुद्र. एकदा मी त्यांना शोधत आत गेले. भर दुपार होती. सगळं इतकं उजेडात होतं की कोणी लपावं असा कोपरासुद्धा नव्हता. मुस्यू एकेका उंबऱ्याशी थांबत होते, टाळी वाजवत होते, ऐकत होते, पुढं जात होते. मिनाराजवळच्या एका घराशी मात्र ते नुसतेच थांबले. टाळी वाजवली नाही.

"इथं का नाही?" मी विचारलं.

"इथं गरज नाही," ते हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी उंबऱ्याला मान लववली, आत एखादी बाई बसलेली असावी तशी. मी आत डोकावले. वाळू होती आणि एक फुटका माठ. तरी गाडीपर्यंत येताना माझी पावलं आपोआप भराभर पडली.

झोयाला ते आवडत नसत. "ही इज क्रीपी, मम्मी," ती म्हणायची. माझ्या सासूबाईंचं मात्र त्यांच्याशी फार जमायचं. आम्ही त्यांना अम्मी म्हणतो. रत्नागिरीच्या खाडीकाठचा जन्म, मराठीशिवाय, तेही कोकणातल्या मराठीशिवाय, दुसरं काही येत नाही. मुस्यूंना त्यातलं अक्षर कळत नसे. तरी ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तास तास तिचं बोलणं ऐकायचे. "तिच्या बोलण्यात भरती-ओहोटी आहे," म्हणायचे. अम्मी त्यांना पुढ्यात बसवून आंबोळी वाढायची. "खा रे मुस्यू. हाडं बघ कशी दिसतायत ती."

अशाच एका संध्याकाळी अम्मी तांदूळ निवडत होती आणि मुस्यू स्वतःशी काहीतरी गुणगुणत होते. शब्द नव्हते. खालून उठणारा एक लांब सूर, वर जाता जाता तुटायचा, आणि तुटला तिथूनच पुन्हा उचलला जायचा. अम्मीचा हात ताटात थांबला.

"सकीना," ती मला म्हणाली, "ह्यास इचार, ह्यो कुकारा ह्यानं कुठं ऐकला?"

कुकारा म्हणजे आमच्याकडे लांबच्या माणसाला घालायची हाक. शेतापलीकडं, खाडीपलीकडं पोचावी म्हणून. त्यात शब्द नसतात, नुसता सूर. प्रत्येक घराचा कुकारा निराळा, त्यामुळं कोण कोणाला बोलावतंय ते गावाला कळतं. मी मुस्यूंना विचारलं. ते म्हणाले, त्या घरात. मिनाराजवळच्या. एक बाई रोज ही हाक घालते. "आधी मला वाटलं, एलेन असेल. पण एलेनचा आवाज मी ओळखला असता. ही दुसरीच कोणीतरी."

मी ते अम्मीला सांगितलं. तिनं ताट बाजूला ठेवलं आणि मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. तिचा बाप शिडाच्या जहाजावर खलाशी होता. कौलं आणि लाकूड घेऊन जहाजं इकडं आखातात यायची. अम्मी रांगत होती तेव्हा तो गेला आणि परत आला नाही. जहाज ह्याच किनाऱ्याला कुठंतरी फुटलं असं लोक म्हणायचे. तिच्या आईनं ते कधी मानलं नाही. बाकीच्यांनी सांगूनही त्याच्या नावानं फातिहा, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, पढू दिली नाही. रोज दुपारी टेकाडावर जाऊन ती समुद्राकडं कुकारा घालायची. "ह्योच," अम्मी म्हणाली. "असाच मधी तुटायचा. तिच्या छातीत दम नव्हता ना."

नवऱ्याला, इकबालला, हे पटलं नाही. "अम्मीच कधीतरी गुणगुणली असेल, ह्यानं उचललं असेल," तो म्हणाला. असेलही. पण अम्मीनं हट्टच धरला, मला तिथं न्या. म्हणून एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर आम्ही तिला घेऊन गेलो. इकबालनं खुर्ची आणली होती. अम्मी त्या उंबऱ्यासमोर बसली. मुस्यू तिच्या शेजारी उभे. बराच वेळ नुसता वारा होता. अम्मीला काही ऐकू आलं नाही, आम्हालाही नाही. मग ती उठली, दोन्ही तळवे तोंडाशी धरले, आणि त्या म्हाताऱ्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की मशिदीवरची कबुतरं उडाली.

सूर समुद्रावर विरला. मुस्यूंनी माझा दंड धरला.

"उत्तर आलं," ते म्हणाले. "पुरुषाचं."

अम्मीनं आमच्या तोंडाकडं पाहिलं. "काय म्हंतो?"

"शब्द कळले नाहीत. पण म्हातारा नव्हता. तिला सांगा, अगदी तरुण होता तो. पंचविशीही नसेल."

मुस्यूंना अम्मीच्या बापाचं वय आम्ही कोणी सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मी भीत भीत ते अम्मीला सांगितलं. ती सावकाश खुर्चीत बसली. "तरणाच व्हता तो," म्हणाली. "मी आता त्याच्या आजीसारखी दिसंन त्याला."

त्यानंतर मुस्यूंनी ऑपेरा लिहायला घेतला तो झपाटल्यासारखा. वरून दिवसभर पियानो ऐकू यायचा. मग हळूहळू तो फार मोठ्यानं वाजू लागला. मी जेवण घेऊन वर गेले की दार उघडायला उशीर व्हायचा. शेवटी मीच त्यांना तपासायला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कान जवळजवळ गेले आहेत. मी ते कागदावर लिहून दाखवलं तेव्हा मुस्यूंनी खांदे उडवले. "बरं झालं. मधली गडबड कमी झाली," म्हणाले. "ती मला अजून ऐकू येते. आता तर स्पष्ट."

मे महिना लागला होता. त्या उन्हात गावात जायचं नाही असं मी त्यांना बजावलं होतं. एका दुपारी दवाखान्यात झोयाचा फोन आला: मुस्यू टॅक्सीनं गेले, अम्मीला खुणा करून सांगून गेले. मी तशीच निघाले. मिनाराजवळच्या घराच्या उंबऱ्याशी त्यांच्या चपला होत्या. ते नव्हते. मग मी समुद्राकडं पाहिलं. ओहोटी होती. दूर, जिथं उथळ पाणी संपून गडद निळं सुरू होतं, तिथं एक पांढरं डोकं संथपणे पुढं चाललं होतं. पाणी कमरेच्या वर आलं होतं.

मी धावले. हाका मारल्या, किंचाळले. ते वळतील कसे, कान गेलेले. तळाच्या चिखलात माझे पाय रुतत होते आणि आमच्यातलं अंतर वाढतच होतं. तेव्हा माझ्या तोंडून तो कुकारा निघाला. मी आयुष्यात कधी घातला नव्हता. कसा घालायचा ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मधे तुटला, तुटला तिथूनच उचलला गेला.

मुस्यू थांबले. वळले. आणि शाळेतून घरी यायला निघालेल्या पोरासारखे निमूट माझ्याकडं चालत आले. मी त्यांना हात घट्ट धरून किनाऱ्यावर आणलं, पाणी पाजलं. गाडीचा एसी लावल्यावर त्यांना जरा तरतरी आली.

"तुम्ही हाक मारलीत?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"मग तुमच्याबरोबर दुसरी कोण होती? दोघी होत्या."

परत येईपर्यंत मी आरशात मागच्या सीटकडं पाहिलं नाही.

मी त्यांच्या धाकट्या बहिणीला फ्रान्समध्ये फोन लावला. ती आली, हट्टी, दणकट बाई. पंधरवड्यात सामान बांधून झालं. जायच्या आधी मुस्यूंनी मला ऑपेराचं शेवटचं पान दाखवलं. मला स्वरलिपी कळत नाही, पण त्यातल्या हाक घालणाऱ्या बाईच्या शेवटच्या हाकेच्या जागी सूरच नव्हता, नुसती एक फ्रेंच ओळ होती. त्यांनी अर्थ सांगितला: गाणारीचा गळा सहज जाईल तिथवरच. निघताना ते अम्मीच्या पाया पडले. आमच्यात तशी रीत नाही. त्यांनी कुठं पाहिलं होतं कोण जाणे. अम्मीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "जा बाबा. आता पाण्यात जाऊ नको."

पुढच्या वर्षी त्यांच्या गावच्या चर्चमध्ये तो ऑपेरा झाला. गाणारे सगळे गावातलेच होते, मासे विकणारे, शाळामास्तर. बहिणीनं कळवलं की मुस्यू पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांना एक सूर ऐकू आला नाही, पण शेवटच्या हाकेला त्यांनी बरोबर मान उचलली.

थंडीत ते गेले. ते कळवताना बहिणीनं एक ऑडिओ पाठवला. शेवटच्या आठवड्यात मुस्यू रोज दुपारी खिडकीकडं तोंड करून मोठ्यानं काहीतरी उत्तर द्यायचे. नर्सला वाटलं अरबी असेल. तुला कळतं का, असं बहिणीनं विचारलं होतं. मी तो स्वयंपाकघरात लावला. आधी खोकला, मग मुस्यूंचा तो ओळखीचा घोगरा आवाज: "आयलो गो... आयलो."

आलो गं, हे पुरुषानं बाईच्या कुकाऱ्याला द्यायचं उत्तर; अम्मीकडून ऐकलं असेल म्हणावं, तर आमच्या घरात ते द्यायला तिचा नवरा नाही, बाप नाही. ती हे कोणाशी आणि कधी बोलली असेल? अम्मीनं ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिनं डोक्यावरून पदर ओढून घेतला. मग उठली, हातपाय धुऊन वुजू करून आली, आणि तिच्या आईनं जन्मभर पढू दिली नव्हती ती बापाच्या नावाची फातिहा तिनं त्या दुपारी पढली. दुवेला हात उचलले आणि मधेच थांबून मला विचारलं, "मुस्यूचं खरं नाव काय गो?"

"एतिएन," मी सांगितलं.

तिनं दोनतीनदा म्हणून पाहिलं. जिभेला ते वळेना. शेवटी तिनं हात पुन्हा उचलले.

"असूंदे," ती म्हणाली. "त्यास कळंल."