देवडीवरचा उभा माणूस

ते पाय अजून डोळ्यांपुढे येतात. पेशव्यांच्या दफ्तरात मी कारकून. दिवसभर बसून लिहायचो. दाराशी एक म्हातारे पहारेकरी दिवसभर उभे असत. त्यांच्या पोटऱ्यांवर फुगलेल्या निळ्या शिरांच्या गाठी होत्या. रोज सकाळी ते जुन्या पागोट्याची पट्टी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आवळून बांधत. ठणका लागला की नुसता भार या पायावरून त्या पायावर घेत.

"अहो, बसा घटकाभर," मी म्हणायचो.

"बसायला आपण आहात की. वाड्यावर निशाण आहे तोवर पहारेकऱ्याने बसायचं नसतं."

इंग्रजांनी ते निशाण उतरवलं, तेव्हा ते उंबऱ्यावर बसले आणि सावकाश पट्टी सोडू लागले. इतकी वर्षं ‘बसा’ म्हणणारा मी. त्या दिवशी ‘उठा’ म्हणावंसं वाटलं.